चार नंबरची किल्ली

तर गोष्ट अशी की मेट्रनबाईंना त्या बेटावर पुन्हा पाय ठेवायचा नव्हता, आणि का ठेवायचा नाही हे कोणाला सांगायची सोय नव्हती. कारण होतं, पण ते अकरा वर्षं पोटात होतं. लेकीने परस्पर खोली ठरवली, लाँचची तिकिटं काढली आणि मग सांगितलं की बाबा जिथे गेले ती जागा मला एकदा डोळ्यांनी बघायची आहे, तू येणार नसशील तर मी एकटी जाते. एकटी जाते म्हटल्यावर मेट्रनबाई मुकाट्याने बॅग भरायला लागल्या. चाळीस खाटांचा वॉर्ड नुसत्या भुवईवर चालवलेली ही बाई, पण नवरा गेल्यापासून लेकीपुढे तिचा आवाज चढत नसे. लेकीला वाटे, आई दुःखाने मऊ झाली. चोराच्या मनात चांदणं असतं हे लेकीला कुठून कळणार?

हॉटेल म्हणायला हॉटेल, पण खोल्या सातच. पांढऱ्या भिंती, पुढे ओसरी, ओसरीच्या पायऱ्या थेट वाळूत उतरलेल्या. आरशापाशी एक ताजं फूल, पाण्याच्या भांड्यावर मण्यांच्या जाळीचं झाकण आणि पलंगावर अशी ताणून बसवलेली चादर की मेट्रनबाईंनाही नाव ठेवायला जागा सापडेना. साधेपणासाठी पैसे मोजायची हौस असलेले लोक तिथे येत. लेकीने मुद्दाम चार नंबरची खोली मागितली होती. मेट्रनबाई आत शिरल्या आणि आपोआप डाव्या हाताला वळल्या, कारण दिव्याचं बटण डावीकडे आहे हे हाताला अजून आठवत होतं.

त्या हॉटेलची एक शिस्त होती. पाण्याजवळ जीवरक्षकाचं मचाण, मचाणाच्या पायाशी एक लाकडी फळा, फळ्यावर सात खिळे. खोलीला किल्ली एकच, पितळी, वीतभर लांब, दोरीने लाकडाच्या गोळ्याला बांधलेली. पोहायला जाताना दार लावायचं, किल्ली आपल्या खिळ्याला अडकवायची आणि परत आलं की काढून घ्यायची. खिळ्यावर किल्ली असेपर्यंत त्या खोलीतलं कोणीतरी पाण्यात आहे असं समजायचं. फळा रिकामा झाला की जीवरक्षकाने उतरायचं आणि उतरताना पितळी घंटा वाजवायची. फळ्यावर खाली रंगाने लिहिलं होतं, जो पाण्यातून येईल त्यानेच किल्ली काढावी. अकरा वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी मेट्रनबाईंनी ते वाचून मालकिणीची पाठ थोपटली होती. आमच्या वॉर्डातही अशी शिस्त हवी होती, असं त्या म्हणाल्या होत्या.

आणि ती शिस्त मोडली ती त्यांनीच.

त्यांचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. सगळे त्याला घड्याळजी म्हणत. दुसऱ्यांची घड्याळं सेकंदाला लावून देणारा हा माणूस स्वतः कधी वेळेवर आला असेल तर शपथ, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. घराचं कुलूपही त्याने स्वतः दुरुस्त करून असं काही करून ठेवलं होतं की त्याला दुसरी किल्ली बनेना. ती एकुलती एक किल्ली त्याच्या खिशात. बावीस वर्षं मेट्रनबाई ड्यूटी संपवून आल्या की आपल्याच घराच्या पायरीवर बसून राहात, आणि तो लांबून येताना हात हलवून म्हणे, आलो, पाच मिनिटं. माणूस लाखात एक होता. पण ती पाच मिनिटं मेट्रनबाईंच्या डोक्यात जात.

त्या दुपारीही तेच झालं. त्या फिरून आल्या तर दार बंद. पायांना वाळू चिकटलेली, ऊन डोक्यावर, घसा कोरडा. पाऊण तास ओसरीच्या पायरीवर बसल्या. तीनदा काठावर जाऊन हाका मारल्या. तिन्ही वेळा घड्याळजीने पाण्यातून हात वर करून पाच बोटं दाखवली. तिसऱ्या वेळी त्यांचा तोल गेला. "मग राहा तिथेच," असं त्या पुटपुटल्या, फळ्यापाशी गेल्या आणि चार नंबरची किल्ली काढून तरातरा खोलीकडे निघाल्या. जीवरक्षक तेव्हा दोन मिनिटं मचाणावरून उतरून जवळच्या छत्र्या मिटत होता. त्याची पाठ होती. बाईंनी आंघोळ केली, पंखा लावला आणि त्यांना डोळा लागला. झोपेत त्यांनी घंटा ऐकली होती.

घड्याळजी सापडला दुसऱ्या दिवशी सकाळी, खडकांच्या पलीकडे. चौकशीला माणसं आली. किल्ली कोणी काढली, एवढाच त्यांचा प्रश्न होता. मेट्रनबाईंनी उत्तर दिलं, आणि ते उत्तर नंतर कागदावर जसंच्या तसं उतरलं: "मी आले तेव्हा दार उघडंच होतं. किल्ली टेबलावर होती." म्हणजे घड्याळजी एकदा बाहेर आला, किल्ली आत ठेवली आणि दार उघडं टाकून पुन्हा पाण्यात गेला, आणि जीवरक्षकाने ना त्याला येताना पाहिलं ना जाताना. मेट्रनबाईंचा शब्द खोटा असेल अशी शंका कोणाला येणार? आयुष्यभर तापाचे आणि नाडीचे आकडे लिहिलेली बाई. जीवरक्षक एवढंच म्हणत राहिला की किल्ली होती आणि मग नव्हती. त्याला मचाणावरून उतरवलं ते कायमचं. मागे घरी लेक तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिने मालकिणीला पत्र लिहिलं की या माणसाच्या हाती पुन्हा कोणाचा जीव देऊ नका. मेट्रनबाईंनी ते पत्र वाचलं, पाकिटात घातलं आणि स्वतः टपालात टाकलं.

आता आल्या त्या दिवशी त्यांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते वाळूवर दाताळं ओढताना. उंच, काटकुळे पाय, गुडघे पुढे आलेले. पूर्वी पाण्यापाशी तासन्‌तास एका जागी उभा राहायचा म्हणून सगळे त्याला बगळा म्हणायचे, आणि अजून म्हणत होते. मालकिणीने त्याला दयेपोटी ठेवलं होतं. सकाळी वाळू सारखी करायची, संध्याकाळी छत्र्या आत न्यायच्या. मचाणावर आता एक मजबूत बांध्याची बाई होती, गळ्यात शिट्टी. बगळा पाण्याकडे पाठ करून दाताळं ओढत होता, पण दर दहा पावलांनी मान वळवून फळ्याकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. तो मोजत होता. मेट्रनबाईंनी तोंड दुसरीकडे वळवलं.

लेकीने वडील गेल्यावर हट्टाने पोहणं शिकून घेतलं होतं. पहिल्या संध्याकाळी ती पोहून आली, तिने किल्ली काढली, दार उघडलं आणि किल्ली आईच्या हातात दिली. मेट्रनबाईंनी ती पर्समध्ये टाकून चेन ओढली. दोघी ओसरीवर चहा घेत बसल्या होत्या. तेवढ्यात मचाणावरची शिट्टी वाजली आणि ती बाई तरातरा त्यांच्याकडेच आली. चार नंबरचं कोण पाण्यात आहे, असं तिने विचारलं. लेक म्हणाली, कोणी नाही, आम्ही दोघीच तर आहोत. जीवरक्षक बाईने फळ्याकडे बोट केलं. चौथ्या खिळ्यावर किल्ली होती. दोरी निथळत होती.

लेक हसली. म्हणाली, मी काढलीच नसेन, काखेत कळसा नि गावाला वळसा. मग आपण दार कसं उघडलं हे तिच्या लक्षात आलं आणि तिने आईच्या पर्सकडे पाहिलं. मेट्रनबाईंनी पर्स उघडली. आत किल्ली नव्हती. अस्तर ओलं होतं आणि कोपऱ्यात चिमूटभर वाळू.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मेट्रनबाईंनी पर्स मांडीखाली घेतली आणि आरामखुर्चीत बसून राहिल्या. देवाशपथ त्यांचा डोळा लागला नव्हता, पण लेकीला वाटलं लागला असणार. ऊन उतरलं तशी मांडीखाली गारवा वाटला. त्यांनी पर्स उघडूनही पाहिली नाही. फळ्याकडे पाहिलं. चार नंबर खिळ्यावर होता, आणि त्याच्या खाली बगळा उभा होता, दाताळं वाळूत रोवून. त्याचे ओठ आता हलत नव्हते. तो समुद्राकडे बघत होता, माणूस येताना दिसतो का ते बघावं तसा.

मेट्रनबाईंना जे वाटलं ते नुसतं भय नव्हतं. भयाची त्यांना सवय होती. वॉर्डात पहाटेची मरणं त्यांनी शेकड्यांनी पाहिली होती आणि मेलेल्याचे डोळे मिटायला त्यांचा हात कधी थरथरला नव्हता. त्यांना वाटली ती लाज. आपला नवरा अकरा वर्षं भिजत उभा आहे, घरात येऊ का म्हणून विचारतो आहे आणि आपण दार लावून आत बसलो आहोत, असं त्यांना वाटलं. बावीस वर्षं त्याने पायरीवर बसवलं म्हणून त्या कुरकुरल्या होत्या. आणि आपण त्याला किती बसवलं होतं?

लेकीचा हिशोब मात्र वेगळा निघाला. तिला बगळा कोण ते जीवरक्षक बाईकडून कळलं आणि तिचं डोकं फिरलं. हाच तो माणूस, आणि अजून इथेच आहे, आणि आता आपल्या पत्राचा सूड म्हणून आई डुलकी घेत असताना किल्ली काढून, पाण्यात बुडवून खिळ्याला लावतो आहे, अशी तिची खात्री पटली. जखमेवर मीठ चोळणं म्हणतात ते हेच, असं ती आईला म्हणाली. मेट्रनबाई म्हणाल्या, जाऊ दे गं, म्हातारा माणूस आहे. लेक म्हणाली, बाबांना म्हातारं व्हायला कुठे मिळालं?

तिसऱ्या दिवशी दुपारी लेकीने स्वतः दार लावलं, किल्ली आईच्या पर्समध्ये टाकली आणि आईला घेऊन मालकिणीच्या ऑफिसात गेली. मालकीण आता थकली होती. तिने सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाली की तुमच्या घरचं माणूस आमच्या दारात गेलं, मी तुम्हाला नाही कसं म्हणू? बगळ्याला उद्याच्या लाँचने पाठवते. त्याला पुढेमागे कोणी नाही, हेही ती म्हणाली, पण लेकीकडे न बघता म्हणाली. मेट्रनबाई तिथे खुर्चीत बसल्या होत्या, पर्स मांडीवर. झाकली मूठ झाकलेलीच ठेवायची असती तर तोंड मिटून बसायचं, उद्याची लाँच सुटू द्यायची, एवढंच काम होतं. उघडली तर लेक जाणार, हे त्यांना दिवसासारखं स्वच्छ दिसत होतं. दोघीच तर उरल्या होत्या.

पर्सचं बूड गार पडलं. मांडीवरून पाण्याचा एक ओघळ गुडघ्याकडे गेला.

तिघी बाहेर आल्या. ऊन तिरपं झालं होतं. जीवरक्षक बाई लांब छत्र्या मिटत होती आणि फळ्याखाली बगळा उभा होता. चौथ्या खिळ्यावर किल्ली होती. लेक मालकिणीला म्हणाली, बघा, आता तरी पटलं? पर्स सगळा वेळ आईच्या मांडीवर होती हे रागात तिच्या ध्यानातही आलं नाही. मग ती बगळ्यावर तुटून पडली. आवाज मोठा नव्हता, पण एकेक शब्द असा की ऐकणाऱ्याने खाली बघावं.  तिचं संपल्यावर बगळा म्हणाला, "मी किल्लीला हात लावत नाही, ताई. अकरा वर्षं लावला नाही. नुसता मोजतो."

"मग लावली कोणी?" लेक म्हणाली.

मेट्रनबाईंनी पर्स उघडून वाळूत उपडी केली. रुमाल, गोळ्यांची पट्टी, चष्म्याचं घर आणि ओंजळभर समुद्राचं पाणी. त्या पाण्याकडे बघत त्या म्हणाल्या, "त्याला सोड. किल्ली मी काढली होती."

"कधी? आज?"

"त्या दिवशी."

लेकीला कळायला वेळ लागला. मेट्रनबाईंनी तो वेळ दिला, कारण अर्धवट सांगितलेली बातमी माणसाला जास्त छळते हे त्या नोकरीत शिकल्या होत्या. मग सगळं ओळीने सांगितलं. बंद दार, पाऊण तास, तीन हाका, पाच बोटं. छत्र्या मिटणाऱ्या माणसाची पाठ. पंखा आणि झोप. चौकशीत दिलेलं उत्तर. शेवटी म्हणाल्या, "तो पाण्यात होता तेव्हा मी त्याला म्हटलं, मग राहा तिथेच. माझं ऐकायचा नाही कधी. तेवढं ऐकलं."

 मालकिणीने तोंडाला पदर लावला. लेक आईकडे बघत राहिली, मग बगळ्याकडे, मग पुन्हा आईकडे. "ते पत्र," ती म्हणाली, "ते तूच टाकलंस पोस्टात." मेट्रनबाईंनी मान डोलावली. लेक वळली आणि काठाकाठाने खडकांच्या दिशेने चालू लागली. मेट्रनबाईंनी हाक मारली नाही. हाका मारायचा आपला हक्क संपला, असं त्यांना वाटलं.

बगळा मात्र मटकन वाळूत बसला होता. इतक्या वर्षांत त्याला बसलेला कोणी पाहिला नव्हता. तो दोन्ही हातांची बोटं उघडून त्यांच्याकडे बघत होता. म्हणाला की मला वाटायचं आपल्याला मोजताच येत नाही. सात म्हणजे किती ते. रात्री उठून बोटं मोजायचो. मेट्रनबाई त्याच्यासमोर वाळूत बसल्या आणि त्यांनी हात जोडले. माफी हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला की नाही हे त्यांनाही सांगता आलं नसतं. बगळ्याने त्यांचे हात धरून खाली केले. तो रागावला नाही आणि माफही केलं असं म्हणाला नाही. मग त्याने किल्लीकडे पाहिलं.

"म्हणजे ते बाहेर आलेच नाहीत," तो म्हणाला. "तुम्ही काढलीत. मग ते अजून पाण्यातच आहेत, बाई. मी उगाच घंटा वाजवली."

मेट्रनबाई उठून फळ्यापाशी गेल्या. मी काढून घेऊ का, असं त्यांनी विचारलं. बगळ्याने नाही म्हणून मान हलवली आणि रंगाने लिहिलेल्या ओळीकडे बोट केलं. मग त्याने मालकिणीकडे पाहिलं. मालकिणीने नुसती मान डोलावली आणि ती जीवरक्षक बाईला घेऊन आत गेली. बगळा अकरा वर्षांनी मचाणावर चढला. गुडघे कुरकुरले, पण चढला, आणि डोळ्यांवर हात धरून उभा राहिला. मेट्रनबाई मचाणाच्या पायाशी बसून राहिल्या. वाट बघायची त्यांना सवय होती, फक्त या वेळी त्या रागावल्या नव्हत्या.

ऊन गेलं. पाणी आधी पिवळं, मग राखेच्या रंगाचं झालं. किल्लीतून थेंब पडत होते, एकामागून एक, न चुकता, आणि खाली वाळूत छोटा खड्डा झाला होता. मेट्रनबाईंनी सवयीने मनगटावरचं घड्याळ बघितलं. त्यानेच लावून दिलेलं घड्याळ, अजून मिनिटाचा फरक पडत नव्हता. त्यांनी मान खाली घातली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "ये आता. पुष्कळ झालं."

थोड्या वेळाने थेंबांचा आवाज थांबला.

वर बगळा सरसावून उभा राहिला. पूर्वी पाहुणा पाण्यातून आला की तो असाच किंचित झुकायचा, तसा झुकला. त्याची नजर काठापासून फळ्यापर्यंत आली, फळ्यापासून ओसरीच्या वाटेला लागली आणि हळूहळू पुढे सरकत गेली. मेट्रनबाईंनी वळून पाहिलं. वाट रिकामी होती. खिळाही रिकामा होता.

"मी पाहिलं," बगळा म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "या खेपेला मी पाहिलं, बाई." आणि त्याने घंटा वाजवली. एकदाच, पण दोरी बराच वेळ हातात धरून ठेवली.

बऱ्याच वेळाने मेट्रनबाई खोलीकडे निघाल्या. वाटेवरच्या वाळूत लेकीच्या पावलांचे ठसे होते, खडकांकडून आलेले. त्यांच्याशेजारी आणखी ठसे होते, मोठे, टाचेत पाणी साचलेले. ते ओसरीच्या पायरीशी संपत होते. दार सताड उघडं होतं आणि आत दिवा लागला होता.

लेक पलंगाच्या कडेला बसली होती. डोळे सुजलेले, हात मांडीवर. तिने आईकडे पाहिलं नाही. ती टेबलाकडे बघत होती, आणि टेबलावर पितळी किल्ली होती, लाकडाचा गोळा कडेवरून लोंबत असलेला, खाली फरशीवर पाण्याचं थारोळं.

मेट्रनबाई उंबऱ्यातच थांबल्या. तुला कोणी उघडून दिलं, असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं. त्याआधी लेकच बोलली, लहानपणी अंधारात बोलायची त्या आवाजात.

"मी आले तेव्हा दार उघडंच होतं, आई. किल्ली टेबलावर होती."